किरकिरआत्याचा उसना आवाज

माझी धाकटी बहीण लहान मुलांसाठी पुस्तके लिहिते, गाणी रचते आणि गिटार गळ्यात अडकवून ती गाऊन दाखवते. मुले तिला टोपीमावशी म्हणतात, कारण स्टेजवर ती परातीएवढी रुंद टोपी घालते. तिच्या पुस्तकांत एक किरकिरआत्या आहे. ही आत्या सकाळी उठल्यापासून सगळ्यांवर करवादत असते. तिच्या हातात छत्री असते, हनुवटी दोन बोटे पुढे आलेली असते आणि आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा असतो. ती किरकिरआत्या म्हणजे मी.

हे मला कुणाला सांगावे लागत नाही. आमचे चष्म्याचे दुकान आहे. आमचे हे आतल्या खोलीत डोळे तपासतात आणि मी बाहेर काउंटरवर फ्रेम बसवते. लहान मुलाच्या नाकावर फ्रेम बसवायची तर अगदी तोंडाशी तोंड नेऊन बसावे लागते. मी आपली साधेच बोलते, "हलू नकोस. कानामागे टोचतंय का ते सांग. आणि आधी ते नाक पूस." की पोरगे डोळे विस्फारून आईकडे वळलेच. "आई, किरकिरआत्या!" आई लाजून लाल होते आणि मी मुकाट्याने स्क्रू आवळते. एकाने तर चष्म्याच्या डबीवर माझी सही मागितली. मी म्हटले, चल नीघ. तर ते सही मिळाल्यापेक्षा जास्त खूश होऊन गेले.

आडपडदा म्हणून बहिणीने एकच गोष्ट केली. खऱ्या आयुष्यात मी तिच्या मुलीची मावशी. पुस्तकात तिने मला आत्या केले. "आता कोण ओळखणार आहे तुला, ताई?" असे वर मलाच विचारते. शिवाय स्टेजवर एक मावशी असताना दुसरी कशाला, हाही तिचा विचार असणार. दिसायला भोळी आहे, पण धंद्यात पक्की आहे.

आमचे आईवडील दोघेही पाळ्यांवर कामाला जायचे आणि ही माझ्याहून बरीच लहान. त्यामुळे तिला उठवणे, तिची वेणी घालणे, मोज्यांच्या जोड्या जुळवणे आणि तिला शाळेच्या फाटकातून आत ढकलणे, हे सगळे माझ्या गळ्यात. बाईसाहेब पाय ओढत चालणार. वाटेत गाणे सुचणार. मग ते गाणे तिथेच उभे राहून पूर्ण होणार. माझा जीव खालीवर, आणि हिचे यमक जुळत नाहीये. त्या वाटेवर मी जे जे ओरडले ते हिने शब्दन् शब्द लक्षात ठेवले. शाळेत जे शिकवले, त्यातले काही ठेवले असते तर शिक्षकांनाही बरे वाटले असते.

मोठी झाल्यावर तिला एका पाळणाघरात नोकरी मिळाली. काम काय, तर दुपारी मुलांना गाणी म्हणून झोपवायचे. तिची गाणी ऐकून झोपलेली मुलेसुद्धा उठून बसायला लागली, तेव्हा ती नोकरी सुटली. मग वाचनालयाच्या कोपऱ्यात सतरंजीवर बसून गोष्टी आणि गाणी सुरू झाली. पहिल्या दिवशी तीन मुले होती, त्यातले एक चुकून आलेले. पहिले पुस्तक आळशी गोगलगायीचे, दुसरे उंचीला घाबरणाऱ्या ढगाचे. दोन्ही चांगली होती. दोन्ही खपली नाहीत. त्यांचे गठ्ठे आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, फ्रेमच्या खोक्यांवर येऊन बसले. मी त्यांच्यावरची धूळ झटकायची आणि तिला बोलायची. ती ऐकून घ्यायची. आता मला कळते, ती ऐकून घेत नव्हती, माल गोळा करत होती.

कारण तिसऱ्या पुस्तकात किरकिरआत्या आली आणि तिच्याबरोबर हे गाणे आले:

दप्तर कुठे, डबा कुठे, मोजा कुठे दुसरा?
डोकं तेवढं घेऊन जा, बाकी सगळं विसरा!

मुले वेडी झाली. गावोगावच्या शाळांत हे गाणे पोचले. मग काय, आत्या दातांच्या डॉक्टरकडे गेली, आत्या सर्कशीत गेली, आत्या हरवली आणि सापडल्यावर शोधणाऱ्यांनाच रागावली. मी स्वतः आजवर विमानात बसलेली नाही. किरकिरआत्या बसली आहे, आणि पायलटला बोलणी देऊन उतरली आहे.

तिच्या कार्यक्रमाला मी एकदाच गेले होते. गिटार पाठीमागे सरकवून तिने खांदे पाडले, हनुवटी पुढे काढली, आणि तिच्या तोंडातून माझा आवाज बाहेर आला. हॉलभर हशा. शेजारी आमचे हे पोट धरून हसत होते. मला मात्र फार लागले ते. ज्या वयात माझ्या मैत्रिणी हुंदडत होत्या, त्या वयात मी हिचे मोजे शोधत होते, आणि त्याचे हिने हे केले? मध्यंतरात मी घरी निघून आले. तिला मी डोके दुखत होते म्हणून सांगितले. पुढच्या पुस्तकात आत्याचे डोके दुखले.

तर अशी सगळी मजा चालली असताना तिचा घसा बसायला लागला. आधी कार्यक्रमानंतर बसायचा, मग कार्यक्रमाआधीच. ती गरम पाणी प्यायची, मफलर गुंडाळायची आणि गात राहायची. एके दिवशी दुकानातला फोन वाजला. ह्यांनी उचलला, ऐकले, आणि चक्रावून माझ्याकडे पाहत फोनमध्ये म्हणाले, "अगं, तू तर इथे समोर उभी आहेस!" मी फोन हिसकावून घेतला. पलीकडे बहीण होती. ती मुद्दाम माझी नक्कल करत नव्हती. तिचा आवाजच तसा येत होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढत घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी नाकातून एक बारीक नळी आत घातली. समोरच्या पडद्यावर तिचे स्वरतंतू दिसायला लागले, आणि त्यांवर दोन्ही बाजूंना गाठी.

"स्टेजवर जे जे आवाज काढता, ते एकेक करून दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बहिणीने गोगलगाय करून दाखवली. ढग करून दाखवला. कावळासुद्धा काढून दाखवला. बाई मान डोलावत होत्या. मग तिने नळीसकट हनुवटी पुढे काढली आणि म्हणाली, "दप्तर कुठे, डबा कुठे..." पडद्यावर ते दोन्ही तंतू एकमेकांवर असे काही आपटले की मलाच कसेसे झाले.

"बस, बस! हा कुणाचा आवाज?"

बहिणीने माझ्याकडे बोट केले.

"माझा," मी म्हणाले. "का? काही हरकत आहे?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांना हसू आले असावे, पण डॉक्टर असल्यामुळे त्यांनी ते दाबले. म्हणाल्या, "तुमच्या घशात हा आवाज जन्मापासून बसलाय, तुम्हाला त्याचा काही त्रास नाही. यांनी तो उसना घेतलाय आणि वर्षानुवर्षं ताणलाय. आता काही आठवडे पूर्ण मौन. त्यानंतर यांनी स्वतःच्या आवाजात गावं, अगदी खुशाल. पण तो आवाज पुन्हा काढायचा नाही. काढलात, तर बोलण्यापुरता तरी आवाज राहील याची खात्री मी देणार नाही."

परत येताना ती खिडकीबाहेर बघत होती. मी मनातल्या मनात तिचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. तिचा स्वतःचा, गाण्याचा. तो मला आठवेना. इतकी वर्षे घराघरांत तिचे जे काही वाजत होते, त्यात मीच ओरडत होते. मला एकदम भीती वाटली. तिचा आवाज गेला तर तो कसा होता हे आठवायलाही माझ्याकडे काही उरणार नव्हते.

मौनासाठी ती आमच्याकडेच येऊन राहिली, कारण तिच्या घरी तिची मुलगी तिला बोलायला लावायची. गळ्यात तिने मुलांची पुसायची पाटी अडकवली होती. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात शेवटचा शब्द माझा होता. मला वाटले होते, मजा येईल. ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून मी तिला सुनावले, दिवे चालू ठेवले म्हणून सुनावले, आणि ती नुसती बघत राहिली. उलट बोलायला कुणी नसले की रागावण्यातला दमच जातो. मी मध्येच थांबले की ती पाटीवर लिहायची, "पुढे?"

इकडे नाट्यगृहाचे व्यवस्थापक रोज दुकानात यायला लागले. सुट्टीच्या पहिल्या दिवशी दुपारी तिचा मोठा कार्यक्रम ठरलेला होता, तिथून पुढे गावोगावचा दौरा. तिकिटे संपली होती. पोस्टरवर टोपी लहान आणि आत्याची हनुवटी मोठी होती. "मॅडम, आवाज जपा, माझं काही म्हणणं नाही," ते बहिणीला म्हणाले, "पण आत्या नसेल तर मुलं खुर्च्या उखडतील. आत्या नसेल तर आपण कार्यक्रम रद्द करू. आणि एकदा रद्द झाला की दौराही गेलाच म्हणून समजा."

मग आत्या शोधणे सुरू झाले. आमच्याच बैठकीच्या खोलीत नट्या येऊन माझ्यासारखे ओरडून दाखवायला लागल्या, आणि मी आत आवाज ऐकत चहा गाळत होते. एक इतकी गोड रागावली की तिलाच कुणीतरी रागवावे. दुसरीने असा काही सूर लावला की आईला भेटायला आलेली बहिणीची मुलगी ह्यांच्या मागे जाऊन लपली. तिसरी गेल्यावर मी चहाचा ट्रे आपटत बाहेर आले. "एवढं काय कठीण आहे त्यात? मोजा सापडत नाहीये, शाळेची वेळ झालीय, आणि पोरगी गाणं म्हणतेय. राग येणार नाही तर काय येणार? तो काय अभिनय करून आणायचा असतो?"

बोलता बोलता माझ्या लक्षात आले की खोलीत सगळे माझ्याकडे बघत आहेत. व्यवस्थापक, ह्यांच्या मागून डोकावणारी भाची, खुद्द हे. बहिणीने पाटी उचलली, लिहिले आणि माझ्यासमोर धरली. "ताई, तू?"

"मेले तरी नाही," मी म्हणाले.

"अगं, घरी रोज फुकट करतेस," हे म्हणाले, "तिथे निदान टाळ्या तरी मिळतील."

मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. म्हणजे घरात दोन मौने झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती आणि तिचे खांदे हलताना दिसले. मला वाटले, हसतेय. जवळ गेले तर ती आवाज न करता रडत होती. रडतानाही डॉक्टरांचे ऐकत होती. मी म्हणाले, "पुरे झालं. छत्री माझी मी आणीन, तुमच्या त्या कागदी छत्र्या मला चालायच्या नाहीत."

तालमीत मात्र माझा पुरता पाणउतारा झाला. स्वतःची भूमिका मला जमेना! तिने लिहिलेली वाक्ये मी पाठ केली, उभी राहिले, म्हटली. ती पाटीवर लिहायची, "जास्त गोड." मी परत म्हणायची. "आत्या असं बोलत नाही." "अगं, मीच आहे ना ती!" मी ओरडायची. ती टुणकन उडी मारून लिहायची, "हे! हे असं!" पण पुढच्या वाक्याला ते पुन्हा गायब. मला पाठ करून रागावता येत नव्हते.

मौन संपले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली, गाठी विरल्यात म्हणाल्या, आणि तो आवाज काढायचा नाही हे पुन्हा बजावले. ती हळूहळू बोलायला लागली, पण गायली नाही. "एकदम स्टेजवरच गाईन," म्हणाली. मी काही विचारले नाही. मला ते ऐकायचीही धास्ती वाटत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी पडद्याच्या फटीतून पाहिले तर हॉल मुलांनी गच्च भरला होता. कुणी टोप्या घालून आलेले, कुणी मुद्दाम हनुवटी पुढे काढून बसलेले. बहिणीने गोगलगायीची गोष्ट सांगून सुरुवात केली, मुले रमली. मग माझी वेळ झाली. मी छत्री घेऊन आत गेले. केवढ्या टाळ्या! मी प्रकाशात उभी राहिले आणि म्हणाले, "कोण. आलं. चिखलाचे पाय घेऊन. आत." आमच्या दुकानात लोक तक्त्यावरची अक्षरे वाचतात ना, तशी.

टाळ्या थांबल्या. पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "ही ती नाहीये."

मी पुढचे वाक्य म्हटले. ते आणखी वाईट झाले. "खरी आत्या आण!" मागून कुणीतरी ओरडले. मग सगळीकडून तेच. "टोपीमावशी, खरी आत्या आण! खरी आत्या आण!" पडद्याआड व्यवस्थापक कपाळ धरून उभे होते.

मी बहिणीकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले, हळूच हसली, मला वाचवायचे ठरवल्यासारखी. मग तिने गिटार पाठीमागे सरकवली. खांदे पाडले. हनुवटी पुढे काढली.

"दप्तर कुठे..." तिच्या तोंडून माझा आवाज आला, आणि दुसऱ्याच शब्दाला फाटला.

"खबरदार!"

हे मी म्हणाले. कसे म्हणाले ते मला माहीत नाही, पण छत्री स्टेजच्या फळीवर एवढ्या जोरात आपटली की तिची मूठ निखळून पहिल्या रांगेत गेली.

"एक शब्द पुढे काढलास तर याद राख! डॉक्टरांनी काय सांगितलंय? कान आहेत की टोपी अडकवायच्या खुंट्या? इतके आठवडे तोंडाला कुलूप घालून बसलीस ते काय गंमत म्हणून? आधी पाणी पी. पी म्हणते ना! एवढा मोठा घोट नाही, ठसका लागेल! आणि तुम्हाला काय झालं हसायला? तू, तिसऱ्या रांगेतला, ती बुटाची नाडी बांध आधी. पडशील, आणि मग रडत कुणाकडे येशील?"

"हीच!" दोन वेण्यांची मुलगी किंचाळली. "हीच ती! हीच खरी!" सगळा हॉल उठून उभा राहिला. तिसऱ्या रांगेत निदान दहा पोरे वाकून नाड्या बांधत होती. मला त्यांच्याशी काही देणेघेणे नव्हते. मी बहिणीच्या समोर जाऊन उभी राहिले.

"माझा आवाज मला ऐकवू नकोस," मी म्हणाले. "तो मी चोवीस तास ऐकते. कंटाळा आलाय मला त्याचा. तो माझ्याकडे आहे, मी सांभाळीन. तू तुझा काढ. मला तुझा हवाय."

पोरे हसत होती. त्यांना वाटले, हेही आत्याचेच बोलणे. बहीण हसली नाही. तिने माझ्याकडे पाहत ग्लास खाली ठेवला, गिटार पुढे ओढली आणि शेवटी म्हणायचे म्हणून राखलेले नवीन गाणे आत्ताच सुरू केले. शाळेच्या वाटेवरचे होते ते, मी आजवर फक्त कागदावर वाचलेले. एक कडवे लहान मुलीचे, मग त्यावर आत्याने करवादायचे, मग पुन्हा मुलीचे.

थांब ना गं, भिंतीवरती मांजर आहे बसलेलं,
बोलल्यावाचून गेलो तर ते होईल की गं रुसलेलं!

आवाज बारीक होता. कडेने जरा खरखरीत. "रुसलेलं"वर तो किंचित चिरला, आणि तिने तो झाकला नाही, तसाच राहू दिला. हा आवाज इतकी वर्षे माझ्याखाली दबून होता! किती सुंदर होता तो. हात धरून ओढत नेताना माझ्यामागून जो यायचा, तोच होता, फक्त थकून मोठा झालेला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागले, आणि ते पुसायला माझ्याकडे मोडक्या छत्रीशिवाय काही नव्हते.

कडवे संपले. आता माझी पाळी होती. छत्री उगारून ओरडायचे होते, "उशीर झालाय! उचल पाय!" मुले श्वास रोखून माझ्याकडे बघत होती. बहिणीने तेवढी जागा गिटारवर पुन्हा वाजवली. आणखी एकदा वाजवली. मग टोपी माझ्याकडे वळवून ती हळूच पुटपुटली, "ताई, रागाव ना."

मी तोंड उघडले. पण मला काही केल्या राग येईना.